बारावीच्या इतिहासाची आखणी सोयाबीन-कापसाचा हंगाम पाहून करा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्या संपून कनिष्ठ महाविद्यालये पुन्हा भरू लागली आहेत. आमच्या भागातल्या बहुतेक कला शाखांमध्ये बारावीच्या इतिहासाचे पुस्तक मात्र अजून अर्ध्यावरच आहे. एकूण बारा प्रकरणांपैकी पाच किंवा सहा शिकवून झाली आहेत. पुढे डिसेंबर महिना आणि जानेवारीचा पहिला पंधरवडा एवढाच काळ हातात आहे, आणि नेमक्या याच दिवसांत वर्गातली बरीच मुले-मुली कापूस वेचाईसाठी वावरात असतात. यवतमाळ जिल्ह्याच्या राळेगाव तालुक्यातल्या एका ग्रामीण कनिष्ठ महाविद्यालयात मी अनेक वर्षांपासून इतिहास शिकवतो. त्या अनुभवावरून माझे स्पष्ट मत असे झाले आहे की आपली मुले इतिहासात मागे पडतात ती प्रामुख्याने आपल्या आखणीमुळे. वर्षाचे नियोजन करताना आपण शेतीच्या हंगामाचा विचारच करत नाही. तो केला, तर याच मुलांना हाच अभ्यासक्रम परीक्षेआधी नीट पेलता येतो. याविषयी शिक्षक, संस्थाचालक, पालक आणि शिक्षण विभाग या सर्वांपर्यंत काही गोष्टी पोहोचाव्यात म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आधी दिवसांचा हिशेब पाहू. उन्हामुळे विदर्भातली शाळा-महाविद्यालये उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. इतरत्र जूनच्या मध्यावर वर्ग सुरू होतात; आपल्याकडे जूनचा शेवटचा आठवडा लागतो आणि एखाद्या वर्षी जुलैही उजाडतो. ही सवलत अगदी रास्त आहे, कारण जूनच्या उन्हात टिनाच्या छपराखाली मुलांना बसवावे असे इथल्या कोणालाही वाटणार नाही. परीक्षा मात्र साऱ्या राज्याची एकाच दिवशी सुरू होते. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी बारावीची लेखी परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली होती. २०२५ मध्ये ती ११ फेब्रुवारीलाच सुरू झाली. निकाल लवकर लागावा आणि पुढचे प्रवेश वेळेवर व्हावेत हा त्यामागचा हेतू चांगला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण विदर्भातल्या विद्यार्थ्याचे वर्ष आधीच सुरुवातीला आखूड असते आणि आता ते शेवटीही दहा दिवसांनी आखूड झाले आहे, ही वस्तुस्थिती आपल्या वार्षिक नियोजनाच्या तक्त्यात कुठेही उमटलेली दिसत नाही. तो तक्ता वर्षानुवर्षे तसाच उतरवला जातो.

आता या आखूड वर्षाच्या आत काय काय येते ते पाहावे. जुलै-ऑगस्टमध्ये निंदणाचे दिवस असतात, नाल्याला पूर आला की गावची एसटी बंद होते. तरीही या काळातली गैरहजेरी एक-दोन दिवसांची असते आणि वर्ग मोडत नाही. पोळा, गणपती, महालक्ष्म्या यांतही थोडेच दिवस जातात. खरा खंड पडतो तो सोयाबीनच्या सोंगणीला, म्हणजे कापणीला. सप्टेंबर संपत आला की गावागावांत सोंगणीचे गुत्ते, म्हणजे ठेके, घेतले जातात, आणि घरचे वावर नसलेल्या कुटुंबातली मोठी मुले-मुली गुत्त्यावर जातात, कारण त्या तीन-चार आठवड्यांत मिळणाऱ्या मजुरीवर घरची दिवाळी आणि पुष्कळदा मुलांच्या वह्या-पुस्तकांचा व परीक्षेचा खर्चही अवलंबून असतो. दिवाळीनंतर कापसाची वेचाई सुरू होते आणि ती जानेवारीपर्यंत चालते. मजूर मिळत नाहीत, वेचाईचे दर वाढलेले असतात, तेव्हा घरच्या मुलीला दोन-चार दिवस थांबवून घेणे हा बापासाठी निष्काळजीपणा नसतो, नाइलाज असतो. पाठोपाठ तूर सोंगायची असते, आणि हरभऱ्याला व गव्हाला रात्री वीज येईल तेव्हा ओलीत करायचे असते. रात्रभर ओलीत करून आलेला मुलगा सकाळच्या पहिल्या तासाला शीतयुद्ध ऐकत बसेल ही अपेक्षाच चुकीची आहे. याच दिवसांत महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर, प्रकल्पाच्या वह्या, तोंडी परीक्षा आणि सराव परीक्षा हे सगळे लागोपाठ येते.

म्हणजे सगळा वर्ग एकत्र बसलेला आहे असा सलग काळ आपल्याला जुलैपासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतच मिळतो. वाफसा आला की शेतकरी दुसरे काम बाजूला ठेवून पेरणी उरकतो. बारावीच्या इतिहासासाठी हे अडीच-तीन महिने तसेच आहेत. प्रत्यक्षात या महिन्यांत काय होते? तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाची नेमणूक अनेक ठिकाणी ऑगस्टपर्यंत रेंगाळते. जिथे पूर्णवेळ शिक्षक आहे तिथे तो अकरावीच्या प्रवेशांत अडकलेला असतो. आणि वर्ग सुरू झाले की युरोपातील प्रबोधनाचे पहिले प्रकरण, वेळ भरपूर आहे अशा समजुतीने, महिनाभर चालते. छापखाना, लिओनार्दो, गॅलिलिओ, भौगोलिक शोध हे सारे शिकवायला सुंदर आहे आणि मुलांनाही आवडते हे मी नाकारत नाही. परंतु जुलैमध्ये पहिल्या प्रकरणाला दिलेला जास्तीचा प्रत्येक आठवडा जानेवारीत शेवटच्या प्रकरणांतून कापला जातो. ज्या भारतात ही मुले प्रत्यक्ष राहतात त्या बदलत्या भारताची दोन प्रकरणे दोन-तीन तासिकांत गुंडाळली जातात ती यामुळेच.

गुंडाळण्याची रीतही सगळ्यांना ठाऊक आहे. डिसेंबरमध्ये पोर्शन संपवण्याची घाई सुरू होते, शिक्षक स्वाध्यायाची उत्तरे सांगतात आणि मुले ती उतरवून घेतात. जे हजर नसतात ते मित्राच्या वहीचे फोटो मोबाइलवर मागवतात. पुढे बाजारात गाईड असते आणि जानेवारीत अपेक्षित प्रश्नांचे संच येतात. नियोजनाच्या वहीत सगळी प्रकरणे वेळेत पूर्ण झाल्याची नोंद होते, त्यावर सहीही होते. पण प्रश्नपत्रिका आता केवळ पाठांतराची राहिलेली नाही. २०२० मध्ये नवे पुस्तक आले तेव्हापासून विधान सकारण स्पष्ट करणे, आपले मत नोंदवणे, संकल्पनाचित्र पूर्ण करणे आणि नकाशा वाचणे अशा प्रश्नांना महत्त्व आले आहे. उतरवून घेतलेल्या उत्तरातून कारण सांगता येत नाही, कारण त्या मुलाने दोन घटनांचा संबंध स्वतः कधी जोडून पाहिलेला नसतो.

इथे मला माझ्या शिक्षक बांधवांशी थोडे तपशिलात बोलायचे आहे. बारावीच्या पुस्तकातला मजकूर मोठा वाटतो, पण प्रकरणे एकमेकांत गुंतलेली आहेत आणि ती गुंतवणूक ओळखली तर वेळ वाचतो. सहाव्या प्रकरणात वसाहतवादाविरुद्धचा भारतीयांचा संघर्ष आहे. सातव्यात संस्थानांचे विलीनीकरण येते, म्हणजे विद्यार्थी १९४८ च्या हैदराबादपर्यंत आणि १९६१ च्या गोव्यापर्यंत पोहोचतो. आठवे प्रकरण मग त्याला पुन्हा १९१४ मध्ये, पहिल्या महायुद्धात नेते. नववे आशिया-आफ्रिकेच्या निर्वसाहतीकरणाचे, म्हणजे तिथल्या वसाहती स्वतंत्र होण्याचे, आणि दहावे शीतयुद्धाचे. क्रमांकानुसार वाचणाऱ्या, त्यातही मधले काही तास चुकलेल्या मुलाचा काळाचा अंदाज सातव्या-आठव्या प्रकरणाच्या दरम्यान सुटतो आणि मग तो सनावळी पाठ करत बसतो. माझा आग्रह असा आहे की महायुद्धांचे प्रकरण स्वातंत्र्यलढ्याच्या बरोबरीने शिकवावे, त्यानंतर भारताचे एकीकरण आणि जगाचे निर्वसाहतीकरण ही दोन प्रकरणे एकत्र घ्यावीत, आणि शीतयुद्ध व बदलता भारत हा शेवटचा गट मानावा.

असे केल्याने काय साधते ते एका साखळीवरून स्पष्ट होईल. सप्टेंबर १९३९ मध्ये ब्रिटिश सरकारने भारतीयांना न विचारता भारताला दुसऱ्या महायुद्धात ओढले. म्हणून प्रांतांतल्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. त्यानंतर वैयक्तिक सत्याग्रह आला आणि १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला विनोबा भावे पहिले सत्याग्रही झाले. मार्च १९४२ मध्ये ब्रिटिश मंत्री क्रिप्स आले आणि त्यांची योजना फसली. १४ जुलै १९४२ रोजी वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीने ठराव केला. ८ ऑगस्टला मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव मंजूर झाला. आणि १६ ऑगस्टला चिमूर व आष्टी पेटले. महायुद्ध बाजूला ठेवून हा क्रम शिकवला तर प्रत्येक तारीख सुटी पाठ करावी लागते. महायुद्धासह शिकवला तर एक घटना पुढच्या घटनेचे कारण म्हणून उभी राहते आणि मूल ती विसरत नाही. शिवाय या साखळीतली पवनार, वर्धा, आष्टी, चिमूर ही गावे आमच्या विद्यार्थ्याने पाहिलेली तरी असतात किंवा त्यांच्या नावाची पाटी लावलेल्या एसटीत तो बसलेला तरी असतो.

स्थानिक इतिहास शिकवत बसलो तर पोर्शन कसा संपणार, असा आक्षेप मला अनेकदा ऐकावा लागतो. माझा अनुभव उलट आहे. मराठे आणि वसाहतवाद हे चौथे प्रकरण घ्या. १८०२ च्या वसईच्या तहानंतर दुसरे इंग्रज-मराठे युद्ध झाले एवढे वाक्य परीक्षेपुरते पाठ होते. पण त्याच युद्धात २९ नोव्हेंबर १८०३ ला आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला लढाई झाली, १५ डिसेंबरला मेळघाटातला गाविलगड पडला आणि दोन दिवसांनी नागपूरकर भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला, हे सांगितले की वर्ग ताठ बसतो. त्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा वऱ्हाडचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला आणि निजामाकडे आला. ही नदी आमच्या तालुक्याच्या सीमेवरून वाहते. पुढे १८५३ मध्ये फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी निजामाकडून वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेले आणि १८५४ मध्ये वारस नसल्याचे कारण दाखवून गव्हर्नर जनरल डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. म्हणजे नदीच्या अलीकडचा प्रदेश कर्जापायी आणि पलीकडचा वारसाच्या नियमापायी, लागोपाठच्या दोन वर्षांत कंपनीच्या हाती गेला. वसाहतवादाने मुलूख ताब्यात घेण्याच्या निरनिराळ्या पद्धती समजावून द्यायला यापेक्षा चांगले उदाहरण मला तरी पुस्तकाबाहेर सापडलेले नाही. ते समजावून द्यायला एक तासिका पुरते.

कापसाचेही तसेच आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना होणारा अमेरिकी कापसाचा पुरवठा तुटला आणि भारतातल्या, विशेषतः वऱ्हाडातल्या कापसाला अचानक भाव चढला. खामगाव, हिंगणघाट, अमरावतीच्या बाजारांचे महत्त्व वाढले. मुंबईकडून येणारा लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला, पण तोवर अमेरिकेतले युद्ध संपले होते आणि भावही कोसळले होते. पुढे १ जानेवारी १८७७ रोजी जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली, तीही कापसाच्या या पट्ट्यात गिरणी घालणे फायद्याचे आहे हे ओळखूनच. कापूस वेचून संध्याकाळी पुस्तक उघडणाऱ्या मुलीला आर्थिक वसाहतवाद म्हणजे काय हे यापेक्षा सोपे करून सांगता येणार नाही, कारण सातासमुद्रापलीकडच्या घडामोडीने आपल्या घरातल्या कापसाचा भाव ठरतो हे तिने आजही पाहिलेले असते.

तिसरे उदाहरण १९३० चे. मिठाचा सत्याग्रह दांडीला झाला, तर विदर्भात जंगल सत्याग्रह का झाला, हा प्रश्न मी दरवर्षी विचारतो. इथे समुद्र नाही, हे पहिले उत्तर मुले लगेच देतात. मग अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याला विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ केले गेले हे सांगता येते, आणि त्यानंतर पुसदला लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली राखीव जंगलातले गवत कापून कायदा का मोडला गेला याकडे वळता येते. जंगलातल्या चराईवर आणि सरपणावर सरकारची बंधने होती, त्यामुळे इथल्या माणसाला मिठाच्या करापेक्षा जंगलाचा कायदा रोज टोचत होता. विधान सकारण स्पष्ट करा या प्रकारचे उत्तर कसे रचायचे ते या चर्चेतून मुले आपोआप शिकतात. वेगळी नोट द्यावी लागत नाही.

आता लिहिण्याविषयी. लेखी परीक्षा ८० गुणांची आणि तीन तासांची आहे, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटे मिळतात. प्रश्न वाचण्यात आणि विचार करण्यात जाणारा वेळ वजा केला तर दोनच मिनिटे धरावीत. शेवटी दहा मिनिटे अधिक मिळू लागली आहेत, ती तपासणीसाठी ठेवलेली बरी. हा हिशेब मुलांना सराव परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा कळतो आणि तेव्हा शेवटचा सविस्तर प्रश्न सोडून द्यावा लागतो. इतिहासात मागे राहणे म्हणजे प्रकरणे न वाचणे एवढेच नसते; वाचलेले वेळेत कागदावर न उतरणे हाही त्याचाच भाग आहे. म्हणून जुलैपासूनच आठवड्याला एक उत्तर वर्गात, घड्याळ लावून, पुस्तक मिटून लिहून घ्यावे आणि त्याच आठवड्यात तपासून परत द्यावे. या आठवड्यात कारणे, पुढच्या आठवड्यात मत, त्यानंतर टीप, असा प्रकार बदलत राहावा. तपासण्याचे काम मोठे आहे हे मी जाणतो. वर्ग मोठा असेल तर निम्म्या वह्या एका आठवड्यात आणि निम्म्या दुसऱ्या आठवड्यात घ्याव्यात, पण हे काम टाळू नये. दिवाळीपर्यंत ज्या मुलाने अशी दहा-बारा उत्तरे लिहिली आहेत त्याला पुढचे दोन महिने वावरात जावे लागले तरी तो फार मागे पडत नाही, कारण उरलेली प्रकरणे कशी वाचायची हे त्याला कळलेले असते.

यंदाच्या मुलांसाठी ही वेळ निघून गेली आहे, पण परीक्षेपर्यंतचे आठवडे अजून हातात आहेत. त्यांना मी सांगेन की राहिलेल्या प्रकरणांपैकी शीतयुद्ध आणि बदलत्या भारताची दोन प्रकरणे आधी एकत्र वाचा. १९४५ पासून १९९१ पर्यंतची एकच रेघ मोठ्या कागदावर ओढा. तिच्या वरच्या बाजूला जगातल्या घटना लिहा: १९४९ चा नाटो, १९५५ चा वॉर्सा करार, १९६२ चा क्यूबाचा पेच, १९९१ चे सोव्हिएत संघाचे विघटन. खालच्या बाजूला भारताशी संबंधित घटना लिहा: १९५५ ची बांडुंग परिषद, १९६१ ची बेलग्रेडची अलिप्ततावादी परिषद, १९६२ चे चीनचे आक्रमण, १९७१ चे युद्ध, १९९१ चे आर्थिक धोरण. रेघ पूर्ण झाली की लक्षात येईल की क्यूबाचा पेच आणि चीनचे आक्रमण एकाच वर्षाच्या एकाच महिन्यात, ऑक्टोबर १९६२ मध्ये आले होते, आणि सोव्हिएत संघ विस्कटला त्याच वर्षी भारताने आपली अर्थव्यवस्था खुली करण्याचा निर्णय घेतला. त्याखालीच, आपल्यासाठी म्हणून, १९५३ चा नागपूर करार, १९५६ ची राज्य पुनर्रचना आणि १ मे १९६० या नोंदी कराव्यात, म्हणजे विदर्भ महाराष्ट्रात कसा आला हेही त्याच कागदावर राहील. हा कागद भिंतीला लावून ठेवावा आणि दर आठवड्याला त्याच्यावरून एक उत्तर लिहावे. अपेक्षित प्रश्नसंच घ्यायला हरकत नाही, पण उत्तरे वाचण्यासाठी नको, प्रश्नांसाठी घ्यावा.

वेचाईला जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षकांनाही थोडे करता येते. आम्ही काही शिक्षकांनी प्रकरणाच्या एकेका भागाचे दहा-पंधरा मिनिटांचे ध्वनिमुद्रण करून वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायला सुरुवात केली आहे. वेचाई करता करता ते ऐकता येते, त्याला चित्रफितीएवढा डेटा लागत नाही, आणि घरात एकच मोबाइल असेल तरी रात्री उतरवून घेतलेले दुसऱ्या दिवशी वावरात दोघी-तिघींना मिळून ऐकता येते. याने वर्गाची जागा भरून निघत नाही, हे खरे आहे. मात्र चार दिवसांनी वर्गात आलेली मुलगी कोरी राहत नाही आणि तिला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही. पालकांना माझी हात जोडून विनंती आहे की वेचाई कितीही अडली तरी आठवड्यातून निदान तीन दिवस बारावीच्या मुलाला वर्गात येऊ द्यावे, आणि कोणते तीन दिवस ते शिक्षकांशी बोलून ठरवावे. तसे ठरले तर इतिहासाचे महत्त्वाचे तास त्याच दिवशी घेणे आम्हाला शक्य होते.

मुलींच्या बाबतीत एक अडचण वेगळी सांगितली पाहिजे. बाहेरगावाहून येणाऱ्या आमच्या बहुतेक मुली मानव विकासच्या, म्हणजे सरकारी योजनेतून मुलींसाठी चालणाऱ्या एसटी बसने येतात. या बसने मुलींच्या शिक्षणासाठी जे केले आहे त्याची किंमत ज्याने त्याआधीचे दिवस पाहिले त्यालाच कळेल. पण बसची परतीची वेळ ठरलेली असल्यामुळे जादा तास लावले की ते केवळ गावातल्या मुलांना मिळतात आणि बाहेरगावच्या मुली नेमक्या वगळल्या जातात. डिसेंबर आणि जानेवारी या दोन महिन्यांत आठवड्यातले दोन दिवस परतीची फेरी तासभर उशिरा सोडली तर हा प्रश्न सुटतो. यासाठी एसटीचा आगार आणि तालुक्यातली कनिष्ठ महाविद्यालये यांनी ऑक्टोबरमध्येच एकत्र बसून ठरवायला हवे. डिसेंबरमध्ये अर्ज करून ते होत नाही.

संस्थाचालक आणि शिक्षण विभागाकडे माझ्या मागण्या थोड्याच आहेत. नागपूर आणि अमरावती या दोन्ही विभागांतल्या ग्रामीण कनिष्ठ महाविद्यालयांसाठी बारावीचे नियोजन वेगळे करावे, त्यात बारापैकी निदान आठ प्रकरणे सोयाबीनच्या सोंगणीआधी पूर्ण व्हावीत असे बंधन असावे आणि पहिल्या प्रकरणाला किती तासिका द्यायच्या तेही लिहिलेले असावे. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या नेमणुका वर्ग उघडण्याआधी व्हाव्यात. जुलै रिकामा गेला तर डिसेंबरमध्ये कोणताही शिक्षक तो भरून काढू शकत नाही. सेवा योजनेचे शिबिर आणि स्नेहसंमेलन यांत बारावीच्या मुलांना अडकवू नये, किंवा हे कार्यक्रम ऑगस्टमध्ये घ्यावेत. सराव परीक्षा जानेवारीच्या अखेरीस न घेता पहिल्या पंधरवड्यात घ्यावी, म्हणजे तपासलेल्या उत्तरपत्रिका मुलांच्या हातात पडून त्यांना सुधारायला वेळ उरेल. यांपैकी एकाही गोष्टीसाठी नवा निधी लागत नाही आणि राज्याच्या परीक्षेची तारीखही बदलावी लागत नाही.

आपल्या दैनिकाकडेही एक मागणे आहे. गावात वर्तमानपत्र पोहोचते, ग्रामपंचायतीत, पानठेल्यावर आणि वाचनालयात ते अनेक हातांतून जाते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून परीक्षेपर्यंत आपल्या विदर्भ आवृत्तीत आठवड्यातून एकदा बारावीच्या इतिहासातला एक नकाशा आणि त्यावरचे दोन-तीन प्रश्न छापावेत. उत्तरे पुढच्या आठवड्यात द्यावीत. प्रश्न तयार करून देण्याची जबाबदारी तालुक्यातले आम्ही काही इतिहास शिक्षक विनामोबदला घेण्यास तयार आहोत आणि पहिल्या चार आठवड्यांचा मजकूर या पत्रासोबत वेगळ्या पाकिटात पाठवला आहे.

आपला विश्वासू,
इतिहासाचा एक शिक्षक
ता. राळेगाव, जि. यवतमाळ